दोरीची बाजू

झेंड्याची घडी एकट्याला घालता येत नाही. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं, कारण लोक येतात सकाळी. सकाळी झेंडा चढतो, पाकळ्या पडतात, राष्ट्रगीत होतं, मुलांना जिलेबी मिळते, फोटो निघतात आणि सगळे सुट्टी साजरी करायला मोकळे. तोच झेंडा सूर्य मावळायच्या आत उतरवायचा असतो, तेव्हा खाली कोणी फिरकत नाही. आता म्हणे दिवसरात्र फडकत ठेवला तरी चालतो. चालत असेल. आमच्या इमारतीत संध्याकाळी उतरतो, कारण आम्ही उतरवायला जातो. मी आणि तो.

तो म्हणजे झेंड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहणारा माणूस. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण कित्येक वर्षं ते मी तोंडानेही घेतलं नाही. बायको त्याला भावजी म्हणते, मी 'तो' म्हणतो, आणि घरात कोणाला विचारावं लागत नाही की कोण तो.

माझी शाळा तिसरीत सुटली, गावाकडे, मालवणच्या बाजूला. पुढे जे काय शिकलो ते मुंबईने शिकवलं. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला, मी मोबाइलवर टाइप करते." म्हटलं नको. माझा उजवा हात शाबूत आहे. डावा गेला. त्या डाव्याचीच ही हकीकत आहे, आणि झेंड्याची.

घडी आम्हाला विक्रोळीच्या कारखान्यात शिकवली गेटवरच्या हवालदाराने. तो सैन्यातून निवृत्त होऊन आलेला, साताऱ्याकडचा, मिशा अशा की साहेबसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचे. कारखान्याचा झेंडा आधी कोणीतरी बोळ्यासारखा गुंडाळून कपाटात टाकायचं. ते त्याला बघवेना. एकदा पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी शिफ्ट सुटताना त्याने गेटवर आम्हा सगळ्यांना थांबवलं, रांगेवरून नजर फिरवली आणि बोट दाखवलं. "तू. आणि तू. हिकडं या." आम्हाला वाटलं, काहीतरी चोरीचा आळ आला. विचारलं, आम्हीच का? म्हणाला, "दोघं एका उंचीचे हाय. झेंडा वाकडा नाय दिसायचा."

तेवढ्यावर आमची निवड झाली. आम्ही दोघं पॅकिंग खात्यातले, दोघं कोकणातले, भांडुपला एकाच चाळीत राहणारे. पण निवड झाली ती उंचीवर.

घडी अशी असते. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, झेंडा आडवा ताणून, दोन हातांत दोन कोपरे. आधी केशरी पट्टा पांढऱ्याच्या खाली घ्यायचा, मग हिरवा. वर राहतो नुसता पांढरा आणि त्यातलं चक्र. मग प्रत्येकाने आपल्या टोकाकडून कापड खाली दुमडत मध्ये यायचं. एक दुमड, एक पाऊल. शेवटी दोघांची पोटं एकमेकांना लागायची वेळ येते आणि हातांवर उरतं ते चक्र, कडेला केशरी नि हिरव्याची किनार. तसाच तो तळव्यांवर घेऊन आत न्यायचा. एकाने घाई केली किंवा एकाची दुमड मोठी झाली की चक्र एका अंगाला सरकतं. हवालदार म्हणायचा, "चक्र सरकलं की पहिल्यापासनं. कुणाचं चुकलं ते इचारायचं नाय."

शाळेत गुरुजींनी रंगांचे अर्थ पाठ करून घेतले होते. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे भरभराट. मी घडाघडा म्हणून दाखवायचो आणि माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. त्याग म्हणजे काय ते पोराला कुठून कळणार? मला झेंडा कळला तो घडी घालताना. फडकतो तेव्हा प्रत्येक रंग आपापल्या जागी तोऱ्यात असतो. घडीत तेच केशरी नि हिरवा पांढऱ्याच्या पोटाखाली जाऊन एकमेकांना चिकटून बसतात. उद्या परत फडकायचं आहे म्हणून आज असं बसायचं. हे मला कोणी सांगितलेलं नाही, माझं मी बघितलेलं आहे. चुकत असेन तर असू दे.

झेंड्याला दोन बाजू असतात. एका कडेला जाड पट्टी शिवलेली असते, तिच्यात दोरी ओवलेली, वरच्या टोकाला दोरीचा फास. ती दोरीची बाजू. दुसरी मोकळी. हवालदाराने पहिल्या दिवशी दोरीची बाजू त्याला दिली, कारण तो काठीच्या जवळ उभा होता. बस, तेवढ्या कारणाने ती कायमची त्याची झाली. मला त्याचं वाईट वाटायचं. दोरीची बाजू म्हणजे मानाची, असं मीच मनात धरलं होतं. त्यालाही ते माहीत होतं, कारण धरताना तो ती अशी धरायचा की जणू बापाने मृत्युपत्रात लिहून दिली आहे.

कारखाना बंद झाला. आम्ही ती घडी चाळीत आणली. चौकात लोखंडी पाइप उभा केला, त्यावर झेंडा चढायला लागला. आणि मग आमचं भांडण झालं.

भांडण ओट्यावरून. त्याने आपला ओटा वीतभर पुढे घेतला आणि माझ्या मोरीचं पाणी तुंबलं. मी म्हटलं, तोड. तो म्हणाला, तुझी मोरीच चुकीच्या जागी आहे. शब्दाने शब्द वाढला, दोघांचे वडील मध्ये आले, ते बिचारे गावाला आपापल्या घरात बसलेले. चूक त्याची होती, हे मी आजही सांगतो. त्याला विचाराल तर तो उलटं सांगेल. तेव्हापासून अबोला.

पुढे चाळ पडली आणि तिथे टॉवर उभा राहिला. ओटा गेला, मोरी गेली, आता त्या जागेवर लोकांच्या गाड्या उभ्या असतात. अबोला तेवढा आम्ही दोघांनी सामानात बांधून तात्पुरत्या ट्रान्झिट कॅम्पात नेला आणि परत आणून नवव्या नि अकराव्या मजल्यावर ठेवला. लिफ्टमध्ये तो असला की मी खाली वाकून चपलेचा पट्टा सारखा करत बसायचो, लिफ्ट जाईपर्यंत. माझ्या त्या चपलांना पट्टाच नव्हता, हे नातीने एकदा दाखवून दिलं.

पण झेंडा थांबला नाही. भांडणानंतरच्या पहिल्या सव्वीस जानेवारीला मी संध्याकाळी चौकात गेलो. मनात म्हटलं, तो येणार नाही, आणि न आलेला बरा, म्हणजे सगळ्या चाळीला कळेल कोण कसा आहे. तर तो आधीच काठीखाली उभा. दोरीच्या बाजूला. आम्ही एकमेकांकडे न बघता झेंडा धरला. आता बोलायचं नाही तर सुरुवात कशी करायची? तो खोकला. मी केशरी आत घेतला. परत खोकला. हिरवा. तेव्हापासून खोकल्यावर आमचं चाललं. चाळीतले लोक हसायचे. म्हणायचे, दोघांना दमा झालाय. हसू देत. चक्र बरोबर मध्ये यायचं की नाही?

गेल्या शिमग्याच्या सुमाराला मला झटका आला. सकाळी कप उचलायला गेलो आणि हात माझा राहिलाच नाही. मुलुंडच्या दवाखान्यात होतो. जीव वाचला, पाय बराचसा परत आला, बोलणं परत आलं, त्याबद्दल बायको देवाचे आभार मानते आणि नातवंडं डॉक्टरांचे. मी दोघांचेही मानतो. डावा हात मात्र अर्धाच आला. कोपरातून उचलता येतो, मनगट थोडं वळतं, बोटं मिटत नाहीत. त्या दवाखान्यात तो मला भेटायला आला नाही. जिन्यापर्यंत येऊन परत गेला, असं बायको म्हणते. तिने पाहिलं म्हणे.

ऑगस्ट जवळ आला तशी एका संध्याकाळी सोसायटीची सेक्रेटरी घरी आली. तरुण मुलगी आहे, बँकेत आहे, मला काका म्हणते आणि मनापासून म्हणते.

"काका, यंदा तुम्ही खुर्चीवर बसायचं. आम्ही तुमचा सत्कार करतोय. शाल, श्रीफळ, सगळं."

"आणि घडी?"

"ती आम्ही बघू ना! अकराव्या मजल्यावरचे काका आहेत, त्यांच्यासमोर मी उभी राहीन. तुम्ही फक्त बघायचं. मस्त आराम."

तिच्या मनात वाईट नव्हतं. चांगलंच होतं. पण शाल कोणाला देतात हे मला ठाऊक आहे. कारखान्यातही शेवटच्या दिवशी मला शाल मिळाली होती, टाळ्या पडल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात राहिलेला डबा आणायला गेलो तर त्याच गेटवर मला कोणाकडे जायचं ते लिहून द्यावं लागलं. झेंड्याचं माझ्याकडचं टोक एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की मग मला कोणी परत बोलावणार नाही, एवढं मला कळत होतं. आणि मी हात पुढे करून दाखवू तरी काय? बोटं मिटत नव्हती.

मी म्हटलं, "बघू." ती गेल्यावर जेवलो नाही. बायको म्हणाली, "जेवणावर राग काढू नका, रात्री तुम्हालाच भूक लागते आणि माझ्यावर ओरडता." जेवलो.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. मी गेलो नाही. बायको गेली होती, ती परत आली आणि दारातच चप्पल काढता काढता म्हणाली, "भावजी उभे राहिले मीटिंगमध्ये."

"कशाला?"

"म्हणाले, समोर तो असेल तर मी येईन. नाहीतर तुमची घडी तुम्ही घाला."

मी विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"नाय ओ. 'तो'च म्हणाले."

मी टीव्ही लावला. टीव्हीवर काय होतं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दार मी उघडलं. तो उभा होता, बगलेत जुनी पांढरी चादर. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "वहिनी आहे काय घरात?"

बायको हात पुसत बाहेर आली.

"वहिनी, तेंका सांगा, मी घडीसाठी इलंय. दुसऱ्या कशासाठी नाय."

"तेंका ऐकू येता, भावजी."

"तरी सांगा."

"अहो, भावजी घडीसाठी आलेत."

मी म्हटलं, "विचार, चादर धुतलेली आहे काय."

"सांगा वहिनी, तुमच्या घरातल्या चादरींपेक्षा स्वच्छ आहे."

"ह्या बघा," बायको म्हणाली, "तुमच्या भांडणात माझ्या चादरी आणायच्या नाहीत. या आत."

तो आत आला. इतक्या वर्षांनी माझ्या घरात त्याने पाय ठेवला, आणि पहिली गोष्ट काय केली तर छताकडे बघितलं, गळतंय का. टॉवर झाला तरी कोकणी माणूस दुसऱ्याच्या घरात छताकडे बघणारच.

चादर त्याने झेंड्याच्या मापाला कापून आणली होती. मध्ये निळ्या खडूने चक्र काढलेलं, जरा अंडाकृती. एका कडेला नाडी शिवलेली, तिला वर फास. बायकोने चक्राकडे बघून तोंडाला पदर लावला. तो म्हणाला, "हसू नका, घाईत काढलंय."

मी सवयीने मोकळ्या बाजूला गेलो. उजव्या हाताने एक कोपरा धरला. डाव्यात दुसरा ठेवला आणि तो निसटला. परत ठेवला, परत निसटला. तिसऱ्यांदा त्याने स्वतः येऊन माझी बोटं कापडावर मिटवून धरली, सोडली, आणि ती हळूहळू उघडली. मी तोंड फिरवलं. बायकोला वाटलं मदत करावी. म्हणाली, "एक कोपरा दातात धरला तर?"

तो एकदम ओरडला. "वहिनी! झेंडो तो. दातात धरूक काय मासो आहे?"

मग तो चादर हातात घेऊन उभा राहिला. नाडीचा फास बोटावर फिरवत होता. आणि मग तो माझ्याकडे चालत आला, माझा डावा हात कोपरातून उचलला आणि नाडीचा फास माझ्या मनगटात घातला. म्हणाला, "वहिनी, तेंका सांगा, आजपासून दोरीची बाजू तेंची. फास मनगटात राहील, बोटांची गरज नाय."

बायको सांगायचं विसरली.

मी मनगट आत वळवलं. केशरी असता तर पांढऱ्याखाली गेला असता. उजव्या हाताने हिरव्याची बाजू आत घेतली. मग फास काढून चादर कोपराच्या खोबणीत धरून उजव्याने दुमड घातली, एक पाऊल पुढे. तोही एक पाऊल पुढे. खडूचं चक्र माझ्या हातावर आलं आणि सगळा निळा खडू माझ्या बनियनला लागला.

मी आतून किती हललो होतो ते मी त्याला दाखवलं नाही. बायकोला म्हटलं, "सांग त्याला, चक्र नीट काढ म्हणावं पुढच्या वेळी."

तो रोज यायला लागला. चहा प्यायचा, बायकोशी गावच्या गोष्टी करायचा, माझ्याशी तिच्यामार्फत बोलायचा आणि जायचा. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मी काय पोस्ट ऑफिस आहे?" आम्ही दोघांनी तिला सांगितलं, तू मध्ये पडू नको.

पंधरा ऑगस्ट उजाडला. सकाळी झेंडा चढला, सगळं व्यवस्थित झालं. दुपारी एक जोरदार सर येऊन गेली आणि संध्याकाळी आम्ही काठीखाली गेलो तर झेंडा भिजून काठीला चिकटलेला. खादीचा झेंडा, पाणी पिऊन जड झालेला. वॉचमनने सावकाश दोरी सोडली, आम्ही दोघांनी खाली हात धरून त्याला झेललं. जमिनीला लागू दिला नाही.

ओला झेंडा घडी घालून ठेवता येत नाही. डाग पडतात, कापड कुजतं. म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये नेला. तिथे सत्काराची तयारी होती. खुर्च्या, माइक, टेबलावर समोसे आणि चहाचा थर्मास. सेक्रेटरी म्हणाली, "समोसे बाजूला करते, टेबलावर पसरूया." तो म्हणाला, "तेलकट आहे टेबल." कोणीतरी म्हणालं, खिडकीत दोरी आहे. तो म्हणाला, "दोरीवर माझी लुंगी वाळते. झेंडा नाय." मग करायचं काय? आम्ही दोघं पंख्याखाली गेलो, झेंडा ताणून धरला आणि उभे राहिलो. तो सुकेपर्यंत धरणार. दुसरा मार्ग आम्हाला सुचला नाही, आणि सुचला असता तरी आम्ही ऐकला नसता.

लोक आधी उभे राहिले, मग बसले, मग आपापसात बोलायला लागले. फास माझ्या मनगटात होता. सुरुवातीला काही वाटलं नाही. मग कोपर जड व्हायला लागलं. मग खांदा. मी दात आवळले. हात माझ्या नकळत खाली जायला लागला आणि त्याबरोबर केशरी तिरका व्हायला लागला.

सेक्रेटरी पुढे आली. "काका, मी धरू का थोडा वेळ?"

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "नको."

आणि मग माझ्याकडे बघून, सरळ माझ्याकडे, "वर घे."

बायको हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. मध्ये कोणी नव्हतं. मी म्हटलं, "घेतलाय."

"घेतलाय कुठे? तिरका दिसतोय."

"तुझी बाजू वर आहे म्हणून तिरका दिसतोय."

मला वाटलं, झालं, परत अबोला. मग बघतो तर तो खाली जातोय. त्याने गुडघे वाकवले होते. त्याचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे, लिफ्ट बंद पडली की दोन मजले चढून तो पायरीवर बसतो. तो वाकून उभा राहिला, माझ्या खाली गेलेल्या हाताच्या पातळीत, आणि झेंडा सरळ झाला.

मी म्हटलं, "पडशील."

"तू बघ तुझं."

"म्हातारा झालास."

"तुझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात लोकांना वाटलं असेल की उशीर होतोय. सेक्रेटरी शाल घेऊन आली. माझे हात झेंड्यात, नारळ घ्यायला हात कुठला? तिने नारळ टेबलावर ठेवला आणि शाल तशीच माझ्या खांद्यांवर घातली. टाळ्या वाजल्या. माझा डावा खांदा खाली झुकलेला, त्यावरून शाल घसरली आणि फरशीवर पडली. कोणीतरी उचलायला धावलं. मी म्हटलं, "राहू दे. तिला पडलं तर चालतं." झेंडा पडला नव्हता. तेवढंच बघायचं होतं.

त्याने पांढऱ्याजवळ गाल नेला, लावला नाही, नुसता वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सुकला." मग खोकला. सवय. मी मनगट वळवलं, केशरी आत गेला. हिरवा. दुमड, पाऊल. दुमड, पाऊल. आम्ही जवळ आलो, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आणि मी खाली बघितलं तर चक्र बोटभर त्याच्याकडे सरकलेलं होतं.

त्यानेही बघितलं. लोकांना ते दिसण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी एक पाऊल मागे गेलो. तोही मागे गेला. घडी उलगडली. सेक्रेटरीने कपाळाला हात लावला, पण ती हसत होती. समोसे थंड होणार हे सगळ्यांना कळलं होतं. आम्ही पहिल्यापासून घातली. कोणाचं चुकलं ते दोघांनीही काढलं नाही. दुसऱ्या वेळी चक्र मधोमध आलं, कडेला बोटभर केशरी, बोटभर हिरवा. तो माझ्या उजव्या तळव्याखाली आपला तळवा घालून चालला आणि आम्ही झेंडा कपाटात नेऊन ठेवला.

वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. बायको मागे सामान आवरत राहिली होती. माझ्या खांद्यावर शाल, त्याच्या हातात माझा नारळ. त्याने नऊचं बटण दाबलं, मग अकराचं. सहाव्या मजल्याच्या आसपास म्हणाला, "जानेवारीत थंडीत हात आखडेल तुझा. आतापासून तेल लाव."

"मला शिकवू नको."

"लावशील?"

"बघू."

माझा मजला आला. मी उतरलो. नारळ त्याच्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी तो फोडून त्याच्या घरून सोलकढी आली आणि त्यावर बायको म्हणाली, "तुमच्या सत्काराचा नारळ, आणि मिठाचा अंदाज बघा त्यांचा."

आता तो संध्याकाळी येतो. खोबरेल गरम करून आणतो आणि माझी बोटं एकेक करून ओढतो, पंजा मिटवतो, उघडतो. हाताची फिजिओथेरपी करणारी मुलगी म्हणाली की असं रोज केलं तर फरक पडेल, थोडा पडेल. बोलायला लागल्यापासून आम्ही भांडतोच. ओटा परत निघाला, मोरी परत निघाली. त्याने परवा कागदावर चाळीचा नकाशा काढून दाखवला की पाणी उताराला कुठे जायला हवं होतं. तो नकाशाही त्याच्या चक्रासारखाच वाकडा. बायको दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणते, "अबोला होता तेव्हा घरात शांतता होती."

मी त्याचे आभार मानलेले नाहीत. समोरासमोर मला ते जमणार नाही आणि त्यालाही ते ऐकवणार नाही, तो उठून जाईल. पण माझ्या वयाच्या माणसाला एकदा खुर्चीवर बसवलं की त्याला उठवायला कोणी येत नाही, हे मी आजूबाजूला बघतो. मला उठवायला चादर बगलेत मारून माणूस आला. ज्याच्याशी मी बोलत नव्हतो तो आला. जे त्याचं होतं ते त्याने माझ्या मनगटात घातलं, आणि वर ते इतक्या रागाने घातलं की मला नाही म्हणता आलं नाही. एवढं मिळालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काल तेल जास्त गरम झालं होतं. मी ओरडलो. तो म्हणाला, "ओरड, पण हात सोडवू नको."

नाही सोडवला.